बगिया लावली, आता तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा हिशोब

मंडळी, महाशिवरात्र झाली की थंडी पाय काढते असे आपले जुने लोक म्हणत आले आहेत. यंदाही तसेच झाले. सकाळी अजून गारवा असतो, पण दुपारी कटंगीच्या बाजारात उभे राहवत नाही. याच दिवसांत आजूबाजूच्या गावांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. काटेरी तारेचे कुंपण, आत गुडघ्याएवढी आंबा, पेरू, सीताफळ, लिंबू यांची रोपे आणि कोपऱ्यात पाण्याचे एक कुंड. ‘एक बगिया माँ के नाम’ या राज्य सरकारच्या योजनेतून गेल्या पावसाळ्यात लागलेल्या या बागा आहेत. आपल्या मंडळाच्या काही सभासदांच्या घरीही अशी बाग आहे.

मागच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका सूनबाईंनी सरळ विचारले, “काकाजी, रोपं मिळाली, तार मिळाली, कुंडही झालं. पण मे महिन्यात त्यात पाणी राहील का, ते सांगा.” कुणी म्हणाले, पन्नास हजार लिटर म्हणजे पाणीच पाणी. कुणी म्हणाले, चैत्रातच तळ दिसेल. वाद मिटेना, तेव्हा हिशोब मांडण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही जन्मभर बँकेत आकडेच जुळवले. शेतीशास्त्र आम्ही शिकलेलो नाही, पण जमा आणि खर्च कळतो. हा लेख म्हणजे तो हिशोब, आणि त्यातून निघालेली चार मते.

योजना काय आहे

ही योजना १५ ऑगस्ट २०२५ पासून राबवायला सुरुवात झाली. स्वसहायता समूहातल्या (महाराष्ट्रात ज्यांना बचत गट म्हणतात) महिलांच्या खासगी जमिनीवर रोजगार हमीच्या निधीतून फळबाग लावायची, असे तिचे स्वरूप आहे. जमीन किमान अर्धा एकर, जास्तीत जास्त एक एकर. रोपे, खत, खड्डे, तारेचे कुंपण आणि सिंचनासाठी ५० हजार लिटरचे जलकुंड, एवढ्यासाठी पैसा मिळतो. उद्दिष्ट ३१,३०० महिलांचे आणि ३० लाखांहून अधिक झाडांचे आहे. खर्चाचा अंदाज सुमारे ९०० कोटी रुपये.

या आकड्यांना जरा भागून पाहू. एका बागेमागे साधारण तीन लाख रुपये आणि शंभर रोपे येतात. राज्यात ३१३ विकासखंड आहेत, म्हणजे सरासरीने एका विकासखंडाच्या वाट्याला शंभर बागा. आपल्या कटंगीच्या भागात सरासरीएवढेच काम झाले असे धरले, तरी दहा हजार रोपे आज उन्हाच्या तोंडावर उभी आहेत. ती जगली तर पाच-सहा वर्षांनी शंभर घरांत फळांचा पैसा येईल. मेली तर कुंपणाची तार आणि कोरडा खड्डा राहील, आणि ‘आमच्याकडे बाग होत नाही’ हा समज आणखी पक्का होईल.

योजनेत एक गोष्ट फार चांगली आहे, ती आधी सांगितली पाहिजे. रोपाबरोबर पाण्याचा विचार केला आहे. आम्ही शाखेत असताना फळबागेच्या कर्जाची प्रकरणे येत. अर्जात पाण्याच्या रकान्यात ‘विहीर आहे’ एवढे लिहिलेले असे आणि आम्ही पुढे सरकत असू. एप्रिलमध्ये पाहणीला गेलो की विहीर असे, पाणी नसे. रोपे वाळलेली असत आणि हप्ता मात्र चालू झालेला असे. चूक शेतकऱ्याची जेवढी, तेवढीच रकाना वाचून समाधान मानणाऱ्या आमचीही होती. नव्या योजनेत ‘विहीर आहे’च्या जागी ‘कुंड आहे’ असे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

पन्नास हजार लिटर पुरतात का

आपल्या जिल्ह्यात वर्षाला ढोबळ मानाने १,३०० ते १,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याच्या मानाने हा दुप्पट आहे. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पुढचे आठ महिने रोपाला आभाळाकडून फारसे काही मिळत नाही. धानाच्या बांधीला हे चालते, कारण धान दिवाळीच्या सुमारास घरी येते. आंब्याच्या कलमाला मात्र ते आठ महिने काढायचे असतात, तेही मुळे वीतभर खोल असताना. शिवाय बागेसाठी बहुतेकांनी दिली आहे ती उंचावरची बर्डी जमीन. तिच्यात खडे-मुरूम जास्त आणि ओल धरण्याची ताकद कमी. राजीव सागर, म्हणजे बावनथडीचे धरण आपल्या उशाला आहे, पण कालव्याचे पाणी उताराने बांध्यांकडे जाते. ते बर्डीवर चढत नाही.

आता शंभर रोपांच्या एका बागेचा वर्षाचा खर्च मांडू. १५ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी हे १७ आठवडे हिवाळ्याचे. आठवड्याला रोपामागे १० लिटर धरले तर १७ हजार लिटर होतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे १७ आठवडे उन्हाळ्याचे. पहिले सात आठवडे दोनदा १०-१० लिटर, म्हणजे १४ हजार. पुढचे दहा आठवडे दोनदा १५-१५ लिटर, म्हणजे ३० हजार. सगळे मिळून ६१ हजार लिटर. कुंड काठोकाठ भरलेले असले तरी ११ हजार कमी पडतात.

हा झाला उघड्या मातीत बादलीने पाणी घालण्याचा हिशोब. रोपाच्या आळ्यात चार बोटे जाडीची धानाची तणस पसरली आणि बाजूला मडके पुरून त्यात पाणी भरले, तर मातीवरून उडून जाणारे बरेच पाणी वाचते. मग हिवाळ्यात पंधरा-पंधरा दिवसांनी १० लिटर पुरतात, म्हणजे आठ हजार लिटर. उन्हाळ्यात पाच दिवसांतून १० लिटर धरले तर २४ हजार. एकूण ३२ हजार लिटर. खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. तणस आपल्याकडे घरचीच आहे आणि मडके कुंभाराकडे मिळते. म्हणजे एवढा मोठा फरक पडायला फार पैसा लागत नाही, हाताचे काम लागते.

न दिसणारा गिऱ्हाईक

इथपर्यंतचा हिशोब पाहून कुणी म्हणेल, ३२ हजार खर्च आणि ५० हजार जमा, मग चिंता कशाला? चिंता अशी की रोपांखेरीज एक गिऱ्हाईक रोज कुंडावर येतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. तो म्हणजे ऊन.

उघड्या पाण्यावरून हिवाळ्यात दिवसाला तीन-चार मिलिमीटर, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सुमारे सहा आणि त्यापुढे नवतप्यापर्यंत आठ-नऊ मिलिमीटर पाणी उडते असे धरू. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत याची बेरीज सव्वा मीटरच्या थोडी वर जाते. आता ५० हजार लिटरचे कुंड जर १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १ मीटर खोल असेल, तर रोपांना एक थेंबही न घालता ते मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोरडे पडेल. बैठकीत ‘चैत्रातच तळ दिसेल’ म्हणणारे फारसे चुकले नव्हते.

तेच पाणी ५ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल कुंडात ठेवले तर उन्हाला तोंड निम्मे मिळते. तोटा तरीही ३२ हजार लिटरच्या आसपास होतो, म्हणजे रोपांना जेवढे लागते तेवढेच ऊन घेऊन जाते. ३२ आणि ३२ मिळून ६४ हजार. कुंड पुन्हा अपुरे. पण त्यावर झाकण घातले, बांबूच्या चौकटीवर गवताचा किंवा हिरव्या जाळीचा छाज टाकला आणि हा तोटा निम्म्यावर आणला, तर १६ हजार होतो. ३२ आणि १६ मिळून ४८ हजार. आता हिशोब बसला, दोन हजार शिल्लक राहिले.

या लेखाचे सार एवढेच आहे. खोल आणि झाकलेले कुंड, तणस घातलेली आळी, असे दोन्ही असेल तर ५० हजार लिटर पुरतात. यातले एक जरी सुटले तरी पुरत नाहीत. योजनेच्या कागदावर दोन्ही कुंडे ५० हजार लिटरचीच दिसतील. उन्हाळ्यात एक बाग हिरवी राहील आणि दुसरी जळेल.

ही युक्ती नवी नाही. मेघालयात उमियम येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन केंद्राने डोंगराळ शेतकऱ्यांसाठी ३० हजार लिटरचे ‘जलकुंड’ विकसित केले. ते ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असते. आतून गिलावा, त्यावर वाळलेल्या पाल्याचा थर, मग जाड प्लास्टिकचा कागद आणि वरून बांबूचे झाकण. तिथे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, तरी हिवाळ्यात टंचाई होते, म्हणून ही धडपड.

कुंड भरायचे कशाने

जमा बाजूही तपासली पाहिजे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. सोपे सूत्र आहे. २५ चौरस मीटर तोंडाच्या खोल कुंडात सरासरी पावसाळ्यात, चार महिन्यांचे बाष्पीभवन वजा जाता, आभाळातून थेट २५-२६ हजार लिटर पडतील. पाऊस ९०० मिलिमीटरवर आला तर जेमतेम १४ हजार. म्हणजे खोल कुंड पाणी राखते, पण आपोआप भरत नाही. रुंद कुंड आपोआप भरते, पण राखत नाही. म्हणून कुंड खोल हवे आणि त्यात बाहेरून पाणी आणून सोडायची सोय हवी.

बाग घरामागे असेल तर कौलारू छपराला पन्हाळी लावा. ६० चौरस मीटरच्या छपरावरून ९०० मिलिमीटरच्या वर्षातही, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरून, ४३ हजार लिटर मिळतात. थेट पावसाचे १४ हजार मिळवले की दुष्काळी वर्षातही कुंड भरते. बाग शेतात असेल तर वरच्या उताराची एक नाली कुंडाकडे वळवावी लागेल. तिच्या तोंडाशी मीटरभर लांब-रुंद-खोल गाळ-खड्डा करावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत कुंडात चिखल बसेल आणि ५० हजारांचे ३० हजार होतील.

आता काळाचा प्रश्न. रोपे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लावायची होती. ज्यांचे कुंड तोवर तयार होते त्यांना परतीचा पाऊस तरी मिळाला. ज्यांचे कुंड दिवाळीनंतर झाले, त्यांच्या कुंडात पावसाचे पाणी येणार कुठून? ते आज रिकामे असेल, नाहीतर विहिरीने-बोअरने भरलेले असेल. यात त्या बाईचा दोष नाही, कामाच्या क्रमाचा आहे. कुंड मृगाआधी आणि रोप मृगानंतर, हा क्रम पुढच्या टप्प्यात तरी पाळला जावा.

बोअरने कुंड भरण्याबद्दल एक शब्द. महाराष्ट्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्लास्टिक कागदाची शेततळी फार झाली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजनाही आली. पावसाने भरलेले तळे ही बचत आहे. पण अनेक ठिकाणी बोअर आणि विहिरींचे पाणी उपसून ही तळी भरली गेली. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात वाळत घालण्यासारखे ते झाले, आणि शेजाऱ्याची विहीर त्याने लवकर आटली. आपल्याकडे ही सवय लागू नये. यंदाच्या एका उन्हाळ्यापुरते, फाल्गुनात विहिरीला पाणी आहे तोवर झाकलेल्या कुंडात थोडे साठवून ठेवणे आम्ही समजू शकतो. दर वर्षीचा तो मार्ग नव्हे.

सीमेपलीकडचा अनुभव

आपल्यातल्या बहुतेकांचे सोयरे तुमसर, भंडारा, गोंदियाला आहेत. तिकडचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

महाराष्ट्राने १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू केली. आजच्या आपल्या योजनेची ती थोरली बहीणच म्हणता येईल. कोकणात आंबा-काजू, कोरडवाहू भागात बोर, सीताफळ, आवळा अशी लाखो हेक्टर लागवड त्यातून झाली. पण कोकणासारख्या तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखातही कातळावरची कलमे पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत मरत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण जलकुंड’ पुढे आणले ते त्याच अडचणीवर. पाऊस किती पडतो याला रोपाच्या लेखी अर्थ नाही, वैशाखात आळ्यात ओल आहे की नाही याला आहे.

दुसरा धडा पैसे देण्याच्या पद्धतीचा. २०१८ पासून महाराष्ट्रात भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि पुढचे हप्ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी बांधलेले आहेत. कर्ज टप्प्याटप्प्याने देणे आणि प्रत्येक टप्प्याला जागेवर जाऊन पाहणे, हा बँकेचा जुना नियम तिथे झाडांना लावला आहे.

तिसरा धडा मोठ्या दुष्काळाचा. २०१२-१३ मध्ये जालना-औरंगाबादकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडे वाचवायचा प्रयत्न केला. त्याच जालना जिल्ह्यात कडवंची गावाने कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाची कामे आधीपासून केली होती, शेततळी केली होती. तिथल्या द्राक्षबागांची चर्चा राज्यभर झाली. दुष्काळ आल्यावर धावाधाव करणे आणि तो येण्याआधी पाणी बाजूला ठेवणे यातला फरक तिथे दिसला. आपल्याला वाटते दुष्काळ मराठवाड्यात येतो. पण २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो होता, सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. त्या महिन्यात बांध्या भेगाळतील की काय म्हणून आपणही आभाळाकडे पाहत होतो. नंतरची दोन वर्षे पाऊस चांगला झाला, म्हणून तिसरे वर्ष तसेच जाईल असे कुणी लिहून देत नाही.

आणि चौथा धडा आपला स्वतःचा आहे. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट हा एकेकाळी एकाच मध्य प्रांताचा मुलूख होता. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला तेव्हा भंडाऱ्याचाही भाग त्यात आला. या पट्ट्यात मालगुजारांच्या काळात गावोगाव तलाव आणि बोड्या होत्या. भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची कीर्ती आजही आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तलावाचा गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, हे ठरले नाही. लाभ सगळ्यांचा आणि देखभाल कुणाचीच नाही, असे झाले. तिकडे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव हा शब्द उरला, आणि कितीतरी तलाव गाळाने अर्धे झाले.

पैसा आणि मालकी

म्हणून नव्या कुंडांच्या बाबतीत देखभाल कुणाची, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. कुंड खासगी जमिनीवर आहे हे चांगले. पण जमीन बहुधा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असते आणि योजनेत त्यांच्या संमतीवर काम भागते. संमतीपत्रावर बाग लागते, पण कुंडातले पाणी उन्हाळ्यात कुणाचे? घरची जनावरे तहानलेली असतील, लग्नाचा मांडव पडला असेल, कुणाला वीटभट्टीला पाणी हवे असेल, तेव्हा ‘हे पाणी झाडांचे आहे’ असे सूनबाईंनी म्हटले तर घरात ते ऐकले जाईल का? आमच्या मते या योजनेचे यश यावर जितके अवलंबून आहे तितके पंचायत सचिवावर नाही. घरातल्या पुरुषांनी हे मनाशी ठरवावे.

पैशाचीही एक बाजू आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. आधी मजुरीचा भार केंद्राकडे होता. फळबागेला लागवडीनंतर दोन-तीन वर्षे देखभालीची मजुरी लागते. जुन्या कायद्यातून नव्या कायद्यात जाताना ही देखभालीची रक्कम मध्येच अडकली, तर शिल्लक राहील ती फक्त लागवडीची आकडेवारी. जनपद पंचायतीकडे यासाठी समूहांनी लेखी विचारणा आत्ताच करावी. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर आम्ही आहोत.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे. किती रोपे लावली याबरोबर १५ जूनला किती जिवंत आहेत, हा आकडा तीन वर्षे गावाच्या फलकावर लावावा. बँकेत कर्ज किती वाटले यावर शाखेचे कौतुक होई, पण पत ठरे ती वसुलीवर.

आत्ता, या आठवड्यात

यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, १७ मे ते १५ जून. उन्हाळा त्याने लांबत नाही, पण लग्ने आणि गावी जाणे यांची गर्दी वैशाखात होईल आणि नेमक्या त्याच दिवसांत रोपांकडे दुर्लक्ष होईल. हे आम्ही अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मंडळाने आपल्या जागेत ४० रोपे लावली होती. फोटो काढले, चहा झाला. मे महिन्यात सगळे लग्नकार्यात. जूनमध्ये मोजली तर ११ उरली होती. पुढच्या वर्षी आम्ही फक्त १५ लावली, सभागृहाच्या छपराचे पाणी टाकीत घेतले, आळ्यांत तणस टाकली आणि पाळ्या लावल्या. त्यातली १३ आज आहेत. तेव्हा सांगण्याचा अधिकार आम्हाला यशापेक्षा अपयशाने जास्त दिला आहे.

बाग असलेल्या घरांनी एवढे करावे.

कुंडात काठी घालून पाणी मोजा. २५ चौरस मीटरच्या सरळ भिंतींच्या कुंडात एक सेंटीमीटर म्हणजे २५० लिटर. दर सोमवारी वहीत लिहा. रोपांना घातले त्यापेक्षा पाणी जास्त उतरले तर झाकण किंवा कागद तपासा.

झाकण होळीच्या आत घाला. बांबू, तुराट्या, गवत, जुनी हिरवी जाळी, जे घरात असेल ते चालेल.

तणस खोडाला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा, नाहीतर वाळवी लागते. पाणी सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर घाला. नैर्ऋत्य बाजूला तुराट्यांचा आडोसा करा.

पाणी कमी असेल तर शंभर रोपांत थोडे थोडे वाटू नका. त्याने शंभरही मरतात. जोमदार साठ निवडा आणि ती पूर्ण जगवा. निर्णय कठीण आहे, कारण रोपे हाताने लावलेली असतात. पण सीताफळ आणि आवळा कमी पाण्यावर तग धरतात, आंब्याचे कलम धरत नाही, एवढे पाहून निवड करता येते. मेलेल्या जागा पुढच्या पावसात भरता येतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कुंडाला कुंपण घाला, आत एक गाठींचा दोर किंवा बांबूची शिडी कायम सोडून ठेवा. प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय टिकत नाही आणि पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. एका बागेपायी लेकरू जाऊ नये. डासांसाठी पाण्यात गप्पी मासे सोडा.

मंडळापुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. गुढीपाडव्याला, १९ मार्चला, आपली तरुण मुले चार-चारच्या गटाने जवळच्या बागांना जाऊन कुंडातले पाणी आणि जिवंत रोपे मोजून आणतील. कुणाला दोष देण्यासाठी हे मोजणे नाही, ज्याचे पाणी संपत आले त्याला वेळेत कळावे यासाठी आहे. आणि अक्षय तृतीयेला, १९ एप्रिलला, आपण पाण्याने भरलेला घडा दान देतोच. यंदा प्रत्येक घराने त्याबरोबर दोन मडकी एखाद्या बागेला द्यावी. शंभर घरांनी दिली तर दोन बागांच्या सगळ्या रोपांची सोय होते.

१५ जूनला मोजणीचा आकडा याच ठिकाणी देऊ. चांगला असला तरी देऊ आणि वाईट असला तरी देऊ. सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच: कुंड आज भरलेले असेल, त्यावर झाकण असेल आणि घरातले सगळे पाळी पाळतील, तर मे महिन्यात पाणी राहील. यातले जे कमी असेल ते सांगा, मंडळ येईल.